एका खोकल्याची गोष्ट

सुपरहिरोंच्या मरणाच्या कथा मी पुष्कळ वाचल्या आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यांतल्या बहुतेकींवर माझा विश्वास बसत नाही. नायकाला मारायचे, मुखपृष्ठ काळे करायचे, चाहत्यांना रडवायचे आणि वर्षभरात त्याच नायकाला नव्या पोशाखात परत आणायचे, हा व्यवहार आता इतका अंगवळणी पडला आहे की कॉमिक्स वाचत मोठा झालेला माणूस शवपेटी पाहिली की आधी तिचे झाकण किती घट्ट बसले आहे ते बघतो. या साऱ्या गर्दीत एक कथा मात्र मी दर दोन-तीन वर्षांनी कपाटातून बाहेर काढतो, आणि ती पुढे काय होणार हे पाठ असूनही दर वेळी सावकाश वाचतो. जिम स्टार्लिन यांनी लिहिलेली आणि रेखाटलेली ‘द डेथ ऑफ कॅप्टन मार्वल’ ही ती कथा. १९८२ साली मार्वल कंपनीने ग्राफिक नॉव्हेलची एक नवी माला सुरू केली. नेहमीच्या अंकापेक्षा मोठा आकार, चांगला कागद, मध्ये जाहिराती नाहीत असा तिचा थाट होता. त्या मालेतले पहिलेच पुस्तक म्हणून कंपनीने आपल्याच एका नायकाचे मरण छापले, आणि तेही अंथरुणावरचे मरण.

नावाविषयी आधी थोडा खुलासा करणे भाग आहे, कारण ‘कॅप्टन मार्वल’ म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर २०१९ च्या चित्रपटातली कॅरोल डॅन्व्हर्स उभी राहते. या कथेतला कॅप्टन मार्वल तिच्या आधीचा. कॅरोल १९६८ मध्ये पहिल्यांदा आली ती त्याच्या कथेतले एक दुय्यम पात्र म्हणून. त्याच्याही आधी, १९४० मध्ये, फॉसेट या प्रकाशनसंस्थेचा कॅप्टन मार्वल होता, म्हणजे ‘शझॅम’ हा शब्द उच्चारताच विजेच्या लोळातून महाबली होणारा तो मुलगा. तो सुपरमॅनची नक्कल आहे असा दावा सुपरमॅनच्या प्रकाशकांनी लावला, खटला वर्षानुवर्षे चालला, आणि १९५३ मध्ये फॉसेटने तडजोड करून त्याची कॉमिक्स बंद केली. नाव मोकळे पडले. ते १९६७ मध्ये मार्वलने उचलले, आणि नावाला साजेसा नायक मागाहून उभा केला. स्टॅन ली आणि जीन कोलन यांनी घडवलेला हा नायक म्हणजे क्री नावाच्या परग्रहावरील साम्राज्याच्या सैन्यातला एक कॅप्टन, ज्याचे मूळ नावच मार-वेल. पृथ्वीवर हेर म्हणून पाठवलेला हा सैनिक हळूहळू पृथ्वीच्याच बाजूने उभा राहतो आणि आपल्या लोकांच्या लेखी देशद्रोही ठरतो. एखादे नाव दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून जन्माला घातलेले पात्र पुढे इतक्या गंभीर कथेचे धनी व्हावे, याची मला नेहमीच मौज वाटत आली आहे.

हे पात्र सुरुवातीला काही फारसे चालले नाही. १९६९ मध्ये रॉय थॉमस आणि गिल केन यांनी त्याला रिक जोन्स या पोरसवदा तरुणाशी जोडले. दोघांच्या मनगटांवर नेगा-बँड नावाची कडी. ती एकमेकांवर आपटली की रिक एका निर्जीव, अंधाऱ्या जगात जातो आणि त्याच्या जागी मार-वेल प्रकटतो, व पुन्हा आपटली की उलट. म्हणजे दोघांनी एकमेकांचे आयुष्य वाटून घेतलेले, पण समोरासमोर बसून बोलण्याची सोय नाही. हा धागा पुढे फार कामाला येणार आहे, म्हणून तो इथे सांगून ठेवतो. १९७३ मध्ये पंचविसाव्या अंकापासून स्टार्लिन या मालिकेवर आले आणि तिचा नूरच पालटला. शनीच्या टायटन या चंद्रावरचा थॅनॉस, त्याचा सत्शील बाप मेंटर, भाऊ एरॉस, आणि थॅनॉस जिच्या प्रेमात वेडा झाला आहे ती स्त्रीरूपातली मृत्युदेवता, असा सगळा पसारा त्यांनी मार-वेलभोवती उभा केला. एकोणतिसाव्या अंकात मार-वेलला विश्वाशी एकरूप होणारी एक विशेष जाणीव लाभते, आणि नुसता लढवय्या असलेला माणूस विश्वाचा रक्षक होतो. स्टार्लिन स्वतः अमेरिकी नौदलात नोकरी करून आलेले होते. सैनिकाने लढाईतून बाहेर पडून काय व्हायचे, हा प्रश्न त्यांच्या या अंकांत वारंवार डोकावतो.

त्यांचा या मालिकेतला शेवटचा अंक चौतिसावा, १९७४ चा. त्यात नायट्रो नावाचा खलनायक आहे, जो स्वतःचाच स्फोट घडवून पुन्हा सांधला जातो. तो ‘कंपाउंड १३’ नावाच्या विषारी वायूचे नळकांडे पळवू पाहतो, झटापटीत नळकांडे फुटते, वायू बाहेर येऊ लागतो, आणि इतरांचे प्राण जाऊ नयेत म्हणून मार-वेल ती गळती स्वतःच्या हातांनी बंद करतो व कोसळतो. सुपरहिरोच्या आयुष्यात अशा घटना महिन्याला एक या हिशेबाने घडत असतात. पुढच्या अंकांत तो पुन्हा उभा राहतो, नवे लेखक येतात, नवे शत्रू येतात, आणि १९७९ मध्ये बासष्टाव्या अंकावर मालिका बंद पडते. म्हणजे त्या वायूनंतर तब्बल २८ अंक मार-वेल उडत होता, लढत होता, आणि त्याच्यासह सगळे वाचक तो प्रसंग विसरून गेले होते. १९८२ मध्ये स्टार्लिन यांनी नेमका तोच विसरलेला प्रसंग वर काढला. तो वायू कर्करोगकारक होता.

या कल्पनेचे मोल मला उशिरा कळले. नायकाला मारायचे तर लेखकाच्या हाताशी अवघे विश्व असते. थॅनॉससारखा खलनायक तर स्टार्लिन यांनीच निर्माण केलेला होता. तरीही त्यांनी मारेकरी म्हणून निवडला तो आठ वर्षांपूर्वीचा एक क्षण, तोही हरलेला नव्हे तर जिंकलेला. ज्या कृत्याबद्दल त्याची पाठ थोपटली जावी, त्याच कृत्याने आत काहीतरी पेरून ठेवले होते. प्रत्यक्षातही हा रोग असाच वागतो. कधीतरी श्वासातून आत गेलेले काही वर्षानुवर्षे मुकाट बसून राहते आणि माणूस त्या दिवसाची आठवणही पुसून बसलेला असताना डोके वर काढते.

पुस्तकाची सुरुवात अगदी शांत आहे. मार-वेल टायटनवर बसून आपल्या आठवणी यंत्रावर ध्वनिमुद्रित करतो आहे. पहिल्या वाचनात मला ही पाने थोडी कंटाळवाणी वाटली होती, कारण नव्या वाचकाला मागचे सगळे सांगण्याची ही उघड युक्ती आहे, आणि लेखकाने ती फारशी लपवलेलीही नाही. दुसऱ्यांदा वाचताना मात्र लक्षात आले की हा माणूस आठवणी नोंदवायला बसला आहे तो उगाच नव्हे. त्याला ठाऊक आहे. त्यानंतर मेंटर आणि एरॉस यांच्याबरोबर तो थॅनॉसचे शिळा झालेले शरीर आणायला जातो. (आधीच्या एका कथेत थॅनॉसचा दगड झालेला असतो.) तिथे थॅनॉसचे भक्त हल्ला करतात, लढाई होते, आणि ती अशा हजारो लढायांसारखीच रंगवलेली आहे. त्या लढाईत मार-वेलला खोकला येतो.

एवढेच. खोकला येतो. कॉमिक्सच्या जगात माणसे इमारतींतून आरपार फेकली जातात, सूर्यात ढकलली जातात, काळाच्या पलीकडे हरवतात, परंतु कोणाला खोकला येत नाही, सर्दी होत नाही, कंबर धरत नाही. म्हणून वाचक आधी सवयीने शोध घेतो की हा कोणाचा डाव असेल, कोणी वायू सोडला असेल, कोणी मंत्र टाकला असेल. तसे काहीच नसते. मेंटर त्याला टायटनवर नेऊन तपासतो, आणि निदान सांगताना त्याची जी अवस्था होते ती वाचताना जाणवते की विज्ञानात पृथ्वीच्या कितीतरी पुढे गेलेल्या या जगातही वाईट बातमी सांगण्याची काही प्रगत पद्धत निघालेली नाही. मार-वेल त्याला थांबवतो. त्याच्या त्या विशेष जाणिवेने त्याला हे आधीच सांगितलेले असते. हातात उरलेले असतात सुमारे तीन महिने.

यानंतर स्टार्लिन यांना एका अवघड प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. ज्या विश्वात मेलेली माणसे परत येतात, तिथे एक रोग बरा होऊ शकत नाही हे पटायचे कसे? त्यांनी दिलेले उत्तर चांगले आहे. त्याच्या मनगटांवरच्या नेगा-बँडनीच इतकी वर्षे हा रोग दाबून धरला, आणि तीच कडी आता कोणताही उपाय शरीरात शिरू देत नाहीत; ती काढावीत, तर रोगाला मोकळे रान. ज्याने जगवले तेच बरे होण्याच्या आड यावे, अशी ही कोंडी आहे. कथानकाची सोय म्हणून ती रचलेली आहे हे मला दिसते, तरीही ती खोटी वाटत नाही, कारण औषध सोसवत नाही म्हणून थांबवावे लागते आणि थांबवले तर रोग वाढतो, हे वाक्य ज्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकले आहे त्यांना या कड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तो ही बातमी आधी एलिसिअसला सांगतो, जिच्याबरोबर तो टायटनवर राहतो आहे. ही पाने हळुवार आहेत, पण मी त्यांच्यावरून लवकर पुढे जातो. एलिसिअस या पात्राला स्टार्लिन यांनी दुःख करण्यापलीकडे फारसे काही दिलेले नाही, आणि ही या पुस्तकाची मला जाणवणारी एक उणीव आहे. खरा गाभा आहे रिकचा. रिक बातमी ऐकतो आणि संतापतो. मार-वेल इतक्या शांतपणे मरण स्वीकारतो आहे, लढत का नाही, हात का टेकतो आहे, म्हणून तो त्याच्यावरच चिडतो आणि तिथून निघून जातो. वर्षानुवर्षे एकाच अस्तित्वाचे वाटेकरी असलेले हे दोघे आता दोन वेगळ्या देहांत समोरासमोर उभे राहू शकतात, आणि नेमके तेव्हाच एकाला दुसऱ्याचे तोंड पाहवत नाही.

रिक जातो ॲव्हेंजर्सकडे. जगातली सर्वांत तल्लख डोकी ज्यांच्यात आहेत, ज्यांनी अंतराळयाने बांधली, चिलखते घडवली, दुसऱ्या मितींची दारे उघडली, त्यांना तो एक साधा प्रश्न विचारतो: ही सगळी बुद्धी तुम्ही आजवर या रोगावर का लावली नाही? या प्रश्नाला कोणाजवळ उत्तर नसते. ते कामाला लागतात, रात्रीचा दिवस करतात, पण त्या कामाला लागण्यातच एक कबुली असते की आम्हाला हे याआधी सुचले नाही, आणि आता सुचले ते आपल्यातल्याच एकावर वेळ आली म्हणून. माझ्या मते ही संपूर्ण सुपरहिरो प्रकाराला विचारलेली सर्वांत टोकदार शंका आहे, आणि ती कोणा टीकाकाराने नव्हे, तर त्या प्रकाराच्या पोटातूनच, एका चिडलेल्या पोराच्या तोंडून आली आहे. मूठ मारता येईल असा शत्रू समोर असेल तरच आपली शक्ती कामाची, हे या मंडळींना तिथे उमगते. स्टार्लिन हा प्रश्न विचारून पुढे सरकतात. त्याचा पाठपुरावा पुस्तकात होत नाही. मला वाटते, पाठपुरावा केला असता तर त्या विश्वातली एकही पुढची कथा लिहिणे कोणाला जमले नसते.

कॉलेजात असताना हे पुस्तक पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पूर्णपणे रिकच्या बाजूचा होतो. मार-वेलचे ते शांत राहणे मला पुस्तकी वाटले होते. पुढे काही वर्षांनी माझे मामा याच रोगाने गेले. शेवटच्या दिवसांत त्यांच्या खोलीत सतत कोणी ना कोणी येऊन बसत असे, आणि मामा आल्यागेल्याची चौकशी करत, कोणाच्या मुलाची परीक्षा कशी गेली हे आठवणीने विचारत. आम्ही धीर द्यायला जात होतो आणि धीर घेऊन परतत होतो. एकदा मी पाण्याची बाटली भरून आणतो असे सांगून खोलीबाहेर पडलो आणि जिन्यापाशी जाऊन उभा राहिलो. बाटली भरलेलीच होती. मामींनी ते पाहिले होते, पण त्या काही बोलल्या नाहीत.

ही आठवण इथे सांगण्याचे कारण म्हणजे पुस्तकातला स्पायडरमॅन. उपाय सापडत नाही हे स्पष्ट झाल्यावर पृथ्वीवरचे नायक टायटनवर निरोप घ्यायला येतात. ॲव्हेंजर्स, फँटॅस्टिक फोर, एक्स-मेन, सगळे आपापल्या पोशाखांत त्या पलंगाभोवती उभे राहतात, आणि स्टार्लिन यांची चित्रे इथे काहीशी अवघडल्यासारखी होतात. ते अवघडलेपण मला मुद्दाम आणलेले वाटते. भडक रंगांचे हे घट्ट पोशाख धावण्या-उडण्यासाठी बेतलेले आहेत, त्यांना आजाऱ्याच्या खोलीत कसे उभे राहावे ते कळत नाही. इतक्या ताकदीच्या माणसांनी हात कुठे ठेवायचे हा प्रश्न चौकटीचौकटीत दिसतो. स्पायडरमॅन थोडा वेळ थांबतो आणि त्याला ते सहन होत नाही. तो खोलीतून बाहेर पडतो. आपल्यासारख्यांचे मरण कुठेतरी लढताना, एखाद्या स्फोटात येईल अशी त्याने मनाशी तयारी केलेली असते. असे अंथरुणावर, कणाकणाने झिजत येणारे मरण त्याच्या हिशेबात नसते. पहिल्या वाचनात ही दोन-तीन चित्रे मी ओलांडून गेलो होतो. मामांच्या नंतर वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवावे लागले.

भेटीला येणाऱ्यांत एक जण अनपेक्षित असतो. स्क्रल हे क्री साम्राज्याचे हाडवैरी. १९७१-७२ च्या क्री-स्क्रल युद्धाच्या गाजलेल्या कथेत मार-वेल अगदी मध्यभागी होता. त्या स्क्रल साम्राज्याचा एक सेनानी येतो आणि आपल्या सर्वांत मोठ्या शत्रूचा सन्मान म्हणून त्याला शौर्यपदक अर्पण करतो. ज्या क्री लोकांसाठी तो आयुष्याच्या सुरुवातीला लढला त्यांनी त्याला देशद्रोही ठरवले होते, आणि पदक येते ते वैऱ्याकडून. आपल्याकडे मरणान्तानि वैराणि म्हणतात. इथे वैरी मरणाआधीच दारात येऊन उभा राहिला आहे. हा प्रसंग थोडा नाटकी आहे हे मान्य करूनही तो मला आवडतो, कारण सैनिकाला सैनिकाकडून मिळालेली दाद कशी असते हे स्टार्लिन यांना आतून माहीत असावे असे वाटत राहते. आणि अखेर रिक परत येतो. तो शेवटी येतो, पण वेळेवर येतो, आणि त्या दोघांना जे बोलायचे ते फार थोड्या शब्दांत आटोपते.

स्टार्लिन यांचे वडील कर्करोगाने गेले होते, आणि ते दुःख त्यांनी या पुस्तकात ओतले, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. हे कळण्याआधीही मला त्याचा सुगावा लागला होता तो रिकच्या रागावरून. मरणाऱ्याविषयी वाटणारे दुःख कोणीही कल्पनेने लिहू शकतो; मरणाऱ्याविषयी वाटणारा राग मात्र त्या खोलीत बसल्याखेरीज सुचत नाही.

मार-वेल बेशुद्धीत जातो, आणि इथून पुढच्या पानांवर वाचकांत दोन तट पडतात. बाहेर सगळे पलंगाभोवती थांबलेले असताना त्याच्या मनात थॅनॉस प्रकट होतो. तो शत्रू म्हणून आलेला नसतो. सैनिकाला अंथरुणावरचे मरण शोभत नाही, त्याला एक शेवटची लढाई मिळायला हवी, म्हणून तो ती घेऊन आलेला असतो. मार-वेल उठतो, पुन्हा धडधाकट होतो, जुने मेलेले शत्रू चाल करून येतात, आणि तो लढतो. माझा एक मित्र या भागाला सरळ सरळ लबाडी म्हणतो. साठ-एक पाने तुम्ही आम्हाला सांगितले की हे मरण लढाईचे नाही, आणि शेवटी वाचकाला मारामारी दिलीच ना, असे त्याचे म्हणणे. मलाही बराच काळ तसेच वाटे, आणि प्रकाशकाच्या आग्रहाखातर ही पाने घातली असावीत असा माझा तर्क होता.

आता माझे मत बदलले आहे. ती लढाई जिंकण्यासाठी आहेच कुठे? थॅनॉस त्याला लढवतो ते दमवण्यासाठी, शांत करण्यासाठी, आणि आयुष्यभर ज्या भाषेत तो बोलला त्याच भाषेत त्याचा निरोप घेण्यासाठी. मामा शेवटच्या दोन दिवसांत ग्लानीत असताना हातांनी सारखे काहीतरी करत असत. ते आयुष्यभर हिशेबनीस होते, आणि त्यांची बोटे चादरीवर रकाने आखत असल्यासारखी हलत, अंगठ्याने पान उलटल्यासारखे करत. मार-वेलची बोटे मुठी वळतात, एवढाच काय तो फरक. लढाई ओसरल्यावर थॅनॉस त्याला मृत्यूपाशी नेतो. ज्या मृत्यूसाठी थॅनॉसने विश्व जाळायला काढले होते, तिच्याजवळ जाताना मार-वेलच्या मनात भीती उरलेली नसते, आणि ते तिघे मिळून प्रकाशाच्या दिशेने चालत जातात. आयुष्यभराचा शत्रू वाटाड्या म्हणून सोबत आहे, हे स्क्रल सेनानीच्या पदकाशी नीट जुळते. या पुस्तकात शत्रूच सर्वांत सभ्यपणे वागतात. मग आपण पुन्हा त्या खोलीत येतो. मेंटर तो गेल्याचे सांगतो, आणि पुस्तक संपते. अंत्यसंस्कार नाहीत, भाषणे नाहीत, पुतळा नाही.

तुलनेसाठी सुपरमॅनचे मरण घ्या. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा पंचाहत्तरावा अंक काळ्या पिशवीत घालून, आत दंडावर बांधायच्या काळ्या फितीसह विकला गेला, वर्तमानपत्रांनी बातम्या छापल्या, आणि लोकांनी रांगा लावल्या. त्या कथेतही कसब आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. शेवटच्या चार अंकांत पानावरच्या चौकटी क्रमाने चार, तीन, दोन अशा कमी होत जातात आणि अखेरच्या अंकात प्रत्येक पान म्हणजे एकच चित्र उरते. डूम्सडे या मारेकरी राक्षसाचे आणि सुपरमॅनचे घाव वाचकाला अक्षरशः जवळ येताना जाणवतात. परंतु ते मरण म्हणजे लढाईचा कळस आहे. तिथे कोणाला खोलीतून बाहेर पडावेसे वाटत नाही, कारण तिथे खोलीच नाही. आणि पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, सुपरमॅन परतला.

मार-वेलच्या पुस्तकाचे मुखपृष्ठही गाजावाजा करणारे नाही, जरी ते पाहताच मन थबकते. मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ या शिल्पावर ते बेतलेले आहे. त्या शिल्पात मेरी मृत येशूला मांडीवर घेऊन बसली आहे. इथे मेरीच्या जागी झग्यातला सांगाडा, म्हणजे प्रत्यक्ष मृत्यू आहे, त्याच्या मांडीवर मार-वेलचा सैल पडलेला देह, आणि भोवती शोकाकुल नायक. आईच्या जागी मृत्यूला बसवणे ही नुसती चमकदार कल्पना म्हणून सोडून देता आली असती. मी मात्र पुस्तक वाचून झाल्यावर दर वेळी मुखपृष्ठाकडे पुन्हा येतो, आणि त्या सांगाड्याचे देह सांभाळून धरणे आधीपेक्षा कमी भयंकर वाटते.

मार-वेल परत आला का, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. २००७ मध्ये तो आल्यासारखे दाखवले गेले आणि नंतर तो सोंग घेतलेला एक स्क्रल निघाला. त्यानंतरही एक-दोनदा तो थोड्या काळापुरता उठला आणि पुन्हा गेला. एरवी चाळीसहून अधिक वर्षे तो मेलेलाच आहे, आणि ज्या व्यवसायात २००५ या एकाच वर्षी कॅप्टन अमेरिकेचा साथीदार बकी आणि बॅटमॅनचा साथीदार जेसन टॉड असे दोन दीर्घकाळचे मृत परतले, त्या व्यवसायात ही गोष्ट लहान नाही. त्याच्या नावाला मात्र कंपनीने एक वर्षही सुतक पाळू दिले नाही. १९८२ मध्येच मोनिका रॅम्बो ही नवी कॅप्टन मार्वल आली, मग त्याच्या मुलांकडे ते नाव गेले, आणि २०१२ पासून ते कॅरोलकडे आहे. नाव हातचे जाऊ नये म्हणून जन्मलेला माणूस गेला आणि नाव राहिले. प्रकाशकाच्या दृष्टीने त्याने नेमून दिलेले काम चोख बजावले म्हणायचे.

हल्ली मी हे पुस्तक वाचायला काढतो तेव्हा आधी १९७४ चा तो चौतिसावा अंक वाचतो. नायट्रोचे स्फोट भरपूर जागा घेतात, रंग भडक आहेत, आणि वायूची गळती बंद करण्याचा प्रसंग त्या मानाने चटकन उरकतो. मार-वेल क्षणभरही विचार करत नाही. जे करायला हवे ते करतो. तिथे पान उलटायला माझा हात अलीकडे जरा वेळ घेतो.